वजाबाकी न येणारे फॉरवर्डवाले

‘वेळेआधी जन्मलेलं, पेटीत ठेवलेलं बाळ चार महिने झाले तरी हसत नाही, नजरेला नजर देत नाही, म्हणजे ऑटिझम. आईची ऊब वेळेवर मिळाली नाही, त्याचं हे फळ.’ सध्या अख्ख्या सोलापुरात फिरणारा हा फॉरवर्ड आमच्या जोडभावी पेठेतल्या ग्रुपवर एका काकूंनी टाकला. तिसाव्या आठवड्यात बाळंत झालेली माझी पुतणी तो वाचून दिवसभर जेवली नाही. ऑटिझम म्हणजे इतरांशी नजर, बोलणं, वागणं जुळवायला मुलाला जड जाणं. म्हणून हे लिहितोय.

आधी हिशेब करा. पूर्ण दिवस म्हणजे 40 आठवडे. हे बाळ 10 आठवडे आधी आलं. आज ते 17 आठवड्यांचं आहे, त्यातून 10 गेले, उरले 7. पूर्ण दिवसांची बाळंसुद्धा माणसाकडे बघून हसायला लागतात ती सहाव्या ते आठव्या आठवड्यात. मग उशीर कुठं झाला? डॉक्टर साधारण दोन वर्षांपर्यंत असंच वय धरतात.

ऑटिझमचा धोका अशा बाळांना जास्त असतो, हे मात्र नाइलाजानं मान्य करतो. अमेरिकेतल्या ‘एल्गन’ अभ्यासात 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या जवळपास हजार मुलांच्या पालकांकडून दुसऱ्या वर्षी प्रश्नावली भरून घेतली. 21 टक्के मुलं संशयित निघाली. पण प्रश्न कसले? मूल बोटानं वस्तू दाखवतं का, डोळ्यात बघतं का. ज्याला नीट दिसत नाही, ज्याचा हात उचलत नाही, ते काय बोट दाखवणार? हालचाल, नजर, ऐकणं किंवा आकलन यांत मोठी अडचण असलेली मुलं बाजूला काढल्यावर आकडा 10 टक्क्यांवर आला. दहाव्या वर्षी रीतसर तपासणीत ऑटिझम निघाला सुमारे 7 टक्क्यांना. तेही 28 आठवड्यांच्या आतल्यांत.

आणि आईची ऊब? फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतला आतला पांढरा भाग नाजूक असतो. तिथं इजा झाली तर डोळे शाबूत असूनही दिसलेल्याचा अर्थ लावणं जड जातं. अंधारात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवरचे नुसते चमकते ठिपके बघूनही आपण ‘माणूस चाललाय’ हे ओळखतो. अशी इजा झालेल्या किशोरवयीन मुलांना जर्मनीत हेच ठिपके दाखवले, तर त्यांना ते ओळखणं अवघड गेलं. यात आईच्या मायेचा संबंध कुठं आला? दर दोन-तीन तासांनी दूध काढून आत पोचवणाऱ्या, टाके ओले असताना पेटीशी उभ्या राहणाऱ्या पोरीला हे ऐकवायला जीभ तरी कशी रेटते?

‘बाळ दिव्याकडे बघतं, मग डोळ्याचा आतला पडदा तपासणं हा धंदा आहे’, हा फॉरवर्डचा पुढचा मुद्दा. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नीट वाढतायत का, हे घरी बघून कळत नाही. 34 आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोखालचं बाळ असेल तर तपासणी 30 दिवसांच्या आत, फारच लहान असेल तर त्याहून आधी. वेळेत लेसर झालं तर नजर वाचू शकते, उशीर झाला तर कायमची जाऊ शकते.

ऑक्सिजननं डोळे जातात म्हणे. बेहिशेबी दिला तर जाऊ शकतात, म्हणूनच तो आता मोजून देतात. डोळ्यात मध आणि तूप घालायच्या सल्ल्याला उत्तर एकच, घालू नका.

आमच्या बाळाचा पडदा ठीक आहे. पुढं तिरळेपणा आणि नंबर बघायला बोलावलंय. लागला चष्मा तर लागू दे, घरात आम्हा सगळ्यांनाच आहे.