एका रात्रीची ट्रिप, आणि डोक्याला शॉट

एक रात्र. फक्त एक रात्र राहायचंय हो! पुण्याहून बंगळुरू, दुसऱ्या दिवशी वंडरला अम्युझमेंट पार्क, रात्री परत. पण दीड तासाच्या फ्लाइटसाठी आमच्या ग्रुपवर दीड महिना "बघूया" चाललंय. मी तिकिटाचा स्क्रीनशॉट टाकला की ताई अंगठा दाखवते, भावजी "हो चालेल, संध्याकाळी फायनल करू" म्हणतात, आणि संध्याकाळी तेच तिकीट दोन हजारांनी वर! मग सगळे मलाच, "अगं तेव्हाच का नाही काढलंस?" काढलं असतं तर विचारून का नाही काढलंस, हेही तुम्हीच म्हणणार ना?

बरं विमानतळ देवनहळ्ळीला म्हणजे शहराच्या उत्तरेला, पार्क बिडदीजवळ म्हैसूर रोडवर, मधे 60-70 किलोमीटर आणि अख्ख्या बंगळुरूचं ट्रॅफिक. हे चारदा टाइप केलं. तरी काकू विचारतात, "एअरपोर्टजवळच हॉटेल घे ना, सोयीचं पडेल." कोणाला? विमानाला?

आणि बॅगा! हातातली बॅग 7 किलो, त्यात यांना चिवड्याचा डबा, इस्त्री (इस्त्री!! एका रात्रीला!!) आणि पाण्यात खेळायचे कपडे. येताना ते कपडे ओले असणारेत, ओल्या टॉवेलचं वजन कोण धरणार? मीच, गुडघ्यावर बसून, काउंटरसमोर, सगळ्यांचे चड्ड्या-बनियन इकडून तिकडे कोंबत.

आत्ता मेसेज आलाय: "त्यापेक्षा लोणावळ्याला जाऊया का?"