फिटच्या गोळ्या सोडायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: ‘फिटचं मूळ सापडलं! हिप्पोकॅम्पसमधल्या मॉसी पेशी मेल्या की मेंदूचा ब्रेक जातो. या पेशी चेतवून शास्त्रज्ञांनी फिट थांबवली. गोळ्या मुळावर काम करत नाहीत, सोडून द्या.’ माझी धाकटी बहीण बारा वर्षं या गोळ्या घेते. म्हणून गप्प बसवत नाही.

हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग. त्यातल्या मॉसी पेशी खऱ्या आहेत. त्यांच्या फांद्यांच्या बुंध्याशी काटेरी फुगवटे असतात, शेवाळ धरल्यासारखे. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या, अपस्मारात (वारंवार फिट येण्याच्या आजारात) त्या मोठ्या संख्येनं मरतात, हेही खरं. पण डोक्याला मार, मेंदूतली गाठ, पक्षाघात, जंताचे सिस्ट यांनीही फिट येते. प्रत्येक फिटचं खापर एकाच पेशीवर कसं फोडणार?

बरं, त्या मेल्या म्हणजे फिट आलीच, असंही नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांमधल्या नेमक्या याच पेशी मारल्या. शेजारच्या ग्रॅन्युल पेशी काही काळ बिथरल्या आणि मग निवळल्या. अपस्मार जडला नाही.

‘ब्रेक’ हा शब्दच फसवा आहे. मॉसी पेशी ग्लुटामेट सोडते, म्हणजे स्वतः चेतवणारी आहे. ती ग्रॅन्युल पेशींना थेट डिवचते आणि त्यांना आवरणाऱ्या बास्केट पेशींनाही. पारडं कुठे झुकेल ते प्रसंगावर ठरतं. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं अपस्मार असलेल्या उंदरांत या पेशी प्रकाशानं चेतवल्या, तेव्हा मेंदूतली विजेची खळबळ अंगभर झटक्यांपर्यंत जाणं कमी झालं. मेसेजचा आधार बहुधा हाच. पण २०१९ मध्ये दुसऱ्या गटाला उलट दिसलं: रसायन देऊन फिट आणताना याच पेशी दाबल्या, तर फिट सौम्य झाली. आणि हे सगळं उंदरांत, जनुकं बदलून, कधी मेंदूत प्रकाशाची तार घालून.

राहिल्या गोळ्या. त्या रोगाचं मूळ उपटत नाहीत, हे कबूल. त्या फिटला रोखून धरतात. एका लग्नघरात बहिणीच्या तीन दिवस गोळ्या चुकल्या. ‘पोटातून काहीतरी वर चढतंय,’ म्हणाली आणि नजर थिजली. ओठांची चुळबुळ, बोटं पदराचं टोक चाचपत राहिली. मग सगळं अंग आखडलं. कुणी कांदा फोडून आणला. कांद्यानं काही होत नाही. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल. गोळ्या एकदम तोडल्या की न थांबणारी फिट येऊ शकते, आणि ती जीवही घेऊ शकते.

नीट निवडलेली दोन औषधं घेऊनही फिट थांबत नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टना शस्त्रक्रियेबद्दल विचारा. टेम्पोरल लोबच्या ८० रुग्णांवर कॅनडात झालेल्या चाचणीत (२००१) वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ८. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ही शस्त्रक्रिया १९९५ पासून होते आहे.