गुंडाले भोक पाडून बल्ब लावते का कोणी?

आज डोकं फिरलेलं आहे, पोस्ट लांब होणार. घाई असेल त्यांनी पुढे सरकावं.

नागपूरला भाचीचा साखरपुडा होता. तो आटोपून आर्वीकडे परत येताना ह्यांना चहाची तलफ आली, म्हणून रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलात थांबलो. दारात बैलगाडीचं चाक, भिंतींना सारवल्यासारखा रंग, वेटरच्या डोक्याला फेटा. तर्री-पोहे १४० रुपये प्लेट. तेही गिळलं असतं बापा, पण मान वर केली अन् घास तोंडातच राहिला. छताला पितळेचे सात गुंड उलटे टांगलेले. प्रत्येकाच्या बुडाला ड्रिलनं पाडलेलं भोक, भोकातून वायर, आत पिवळा बल्ब.

(पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनो, गुंड म्हणजे विहिरीवरून पाणी आणायचं पितळी भांडं. तुमची घागर म्हणा. पुढे गंज हा शब्द येईल, तो लोखंडाचा गंज नाही. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात.)

मी सरळ खुर्चीवर चढले. हे खालून म्हणतात, "उतर वं, लोक पाहून राहिले." पाहू दे. एका गुंडाच्या गळ्यापाशी ठिपक्याठिपक्यांनी काही कोरलेलं दिसत होतं. नाव राखेनं घासून घासून पार गेलेलं, पण शेवटची अक्षरं बोटाला लागली: "...हीस मामाकडून".

कोण्या मामानं कापसाचे पैसे हाती आल्यावर भाचीच्या आंदणात दिलेला तो गुंड. त्या भाचीनं तो कमरेवर घेऊन जन्मभर पाणी भरलं असेल. आणि आता बुडाला भोक. अरे, भोक पाडलेलं मडकं कोण कुठे नेतं, ते मला इथे लिहायला लावू नका!

वेटर पोराला विचारलं, हा एक विकता का? तो म्हणे, "मॅडम, सातचा सेट आहे."

सेट!

घरी येईपर्यंत मी बोलले नाही. "मामाकडून" ही अक्षरं मला का झोंबली, ते ह्यांना ठाऊक आहे. तुम्हाला नाही, म्हणून सांगते.

१९७९ सालचा तान्हा पोळा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पोरांच्या लाकडी बैलांचा). मला नववं लागत होतं. काकांनी नागपूरहून ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आणला होता, तोच, झाकणाला काचेची खिडकी असलेला. आईनं मैदा, साखर, दही, तूप आणि खायचा सोडा फेटून केकचं पीठ केलं. आता भांडं कोणतं? केकचं भांडं आमच्या गावात कोणी पाहिलेलंच नव्हतं. मग आईनं फडताळातून तिचा पितळी डबा काढला. सपाट बूड, घट्ट बसणारं झाकण, झाकणाला कडी. कल्हई ताजी. तिच्या लग्नात तिच्या मामानं दिलेला, झाकणावर कोरलेलं: "हीस मामाकडून १९६६".

केक चढला. आम्ही पोरं लाकडी बैल बाजूला टाकून त्या खिडकीला डोळे लावून बसलो. बाहेर पाऊस लागला आणि लाईट गेली.

थांबा, आधी थोडं भांडून घेते, मग पुढचं सांगते.

माझी एक जाऊ (ती वाचते आहे, वाचू दे) नेहमी म्हणते, "हे केक-बिक आपलं नाहीच, आपल्या लोकायले कुठं येते भट्टीचं?" अहो बाई, रोडगे काय आकाशातून पडतात? जाडसर दळलेली कणीक, घडी घालून तेलाचा हात लावलेले गोळे, गोवऱ्यांचा जाळ बसल्यावर त्या धगीत पुरलेले. ते भाजणं नाही तर काय आहे? पानगे पळसाच्या पानांत भाजता, ते काय? कोणता विस्तव बसला, कोणता अजून चढा आहे, हे नुसता तळहात वर धरून सांगणारी माझी सासू कोणत्या कोर्सला गेली होती? दिवाळीआधी आम्ही मैदा, साखर आणि डालड्याचा डबा घेऊन तालुक्याच्या भट्टीवर नानकटाईसाठी नंबर लावायचो. पत्र्याच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी, आणि पहाटेपर्यंत जागरण. आपल्या वर्ध्याचा गाईच्या तुपातला गोरसपाक भट्टीतूनच निघतो ना? मग केकनंच तुमचं काय घोडं मारलंय?

तर लाईट गेली. आई एक शब्द बोलली नाही. तिनं डबा सांडशीनं उचलून बाहेर काढला, झाकण लावलं. चुलीवर मोठा गंज, गंजात चार बोटं नदीची रेती, रेतीत डबा बसवला. खाली पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) जाळ. मग चिमट्यानं एक एक निखारा उचलून झाकणावर मांडला, कडीभोवती गोल. पावसाचा आवाज, चुलीचा धूर, आणि त्या धुरात जायफळाचा वास. असा वास मला पुन्हा कुठेही आला नाही. मी आज घरी दोन ओव्हन बाळगून आहे, तरी नाही.

केक मधोमध खचला होता. खचणारच, अर्धा फुगल्यावर त्याला हलवलेला. बूडही काळं झालेलं. आईचं तोंड एवढंसं झालं. बाबांनी त्या खड्ड्यात साय-साखर भरली आणि म्हणाले, "खड्डा पडला तं बरंच झालं, साय तरी बसली." दुसऱ्या वर्षीपासून आई मुद्दाम खड्डा पाडायला लागली.

आता पुन्हा त्या हॉटेलवाल्याकडे वळते. खरं तर तो एकटाच नाही. दोन जातीच्या लोकांवर माझा राग आहे. एक, जे मोडीत घालतात. दुसरे, जे भिंतीला टांगतात आणि वरून लाखेसारखं काहीतरी चोपडतात, म्हणजे घासायला नको. भंडाऱ्याचं पितळ म्हणून कौतुक करायचं, आणि त्यात एक दिवस वरण शिजवायचं नाही.

कल्हईवाला मिळत नाही म्हणता? आमच्याकडे अजून येतो, वर्षातून एकदा, निंबाखाली बसतो. या दिवाळीआधी मी त्याच्यासमोर दीड तास उभी होते. भाता फुंकून गंज तापवला, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, नाकात झणझणलं. मग कथलाची कांडी नुसती टेकवली. कथील २३२ अंशालाच वितळतं, पितळाला त्याचं काहीच नाही. कापसाचा बोळा गरगर फिरवला आणि काळंकुट्ट पोट चांदीसारखं निघालं. पाण्यात बुडवलं, चर्रर्र. कापूस आमच्याच घरचा होता. त्याला म्हटलं, भाऊ, या कापसाला बाजारात भाव नाही, तुझ्या हातात तरी आहे.

आणि केकला कल्हई लागतेच, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावं. पिठात दही असतं. उघड्या पितळेत आंबट कळकतं, चव तर जातेच, वर पोटाला बाधतं. कल्हई असेल तर खुशाल भाजा. फक्त खूप चढा जाळ नको आणि भांडं रिकामं तापवायचं नाही, नाहीतर कल्हईच वितळून जाईल. पितळ आच सगळीकडे सारखी पसरवतं, त्यामुळे कडा नीट सुटतात. रेती आधी दहा-पंधरा मिनिटं तापू द्यायची. एवढंच आहे ते. मे महिन्यात मात्र नादाला लागू नका, ४५ अंशात आपलाच केक होतो.

हो, मान्य आहे, पितळ जड असतं. गुडघे गेलेल्या बाईनं पाच किलोची परात कशाला उचलावी? माझी स्वतःची मनगटं बोलतात आता. आणि तो हॉटेलवाला म्हणू शकतो की मी टांगला नसता तर हा गुंड कधीच भट्टीत वितळला असता. खरं आहे. पण भोक कशाला पाडायचं रे? बल्ब बाजूला लाव ना.

माझ्याकडे आज तीन गुंड आहेत, एक बंब, पितळी सोऱ्या, बिडाचा तवा, चार गडवे आणि काकांचा तो ओव्हन (तार जळालेली, पण खिडकी शाबूत). बरंचसं मोडीच्या दुकानातून वजनावर आणलेलं. दुकानदार हसतात. ह्यांना वाटतं मला भांड्यांचं वेड आहे. तसं नाही. मी एक भांडं शोधते आहे.

लिहू का नको, असं दहा मिनिटं झाली चाललंय. लिहितेच.

तो डबा आईनं माझ्या लग्नात मला दिला होता. १९९७ साली मी तो मोडीत घातला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. शेजारणीकडे नॉनस्टिकचा सेट आला होता आणि मला पितळ घासायचा कंटाळा होता. दुकानदारानं तराजूत टाकला, दोन किलो तीनशे भरला, वर घट (तूट म्हणून वजनातून वजा करतात ती) कापली. मी त्या घटीवरून त्याच्याशी पाऊण तास भांडले. डब्यावरून नाही, घटीवरून! नॉनस्टिक दीड वर्षात खरवडलं गेलं. आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कल्हई करून घेतली असती तं झालं असतं वं." पुन्हा तिनं विषय काढला नाही, पण माझ्याकडे आली की फडताळाकडे बघायची.

म्हणून चढले मी खुर्चीवर. गुंडाचा आकार वेगळा, माझा तर डबा, हे दिसत होतं. तरी चढले.

तर मंडळी, कामाचं. वर्धा, अमरावती, यवतमाळकडे कोणाच्या घरी, कोणाच्या माळ्यावर, कोण्या दुकानाच्या मोडीत सपाट बुडाचा पितळी डबा दिसला, झाकणाला कडी, झाकणावर "मामाकडून १९६६", आणि कडीभोवती निखाऱ्यांचे गोल काळे डाग, तर वितळू देऊ नका. मला मेसेज करा. मोडीच्या भावाच्या दुप्पट देईन, घट नाही कापणार.