नावं बदलली, सांगाडा तोच

माझी मावसबहीण मायदेशी प्रोग्रॅमिंग शिकवते. तिच्या कॉलेजने नवा नियम काढलाय: तपासणीच्या सॉफ्टवेअरला दोन विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त जुळलेले दिसले की दोघांनाही शून्य. स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, कॉपीबहाद्दरांना असंच हवं. दुसरा म्हणतो, ते सॉफ्टवेअरच बंद करा. मी इथे जर्मनीत ट्यूटर म्हणून हेच तपासणीचं काम करते, आणि मला दोन्ही तट पटत नाहीत.

सॉफ्टवेअर हुशार आहे, यात वाद नको. मुलांना वाटतं, व्हेरिएबलची नावं बदलली, कॉमेंट उडवल्या, फंक्शनं वरखाली केली की झालं. इथल्याच कार्ल्सरूहेला १९९६ मध्ये सुरू झालेलं जेप्लॅग हे सॉफ्टवेअर नावांकडे बघतच नाही. ते प्रोग्रॅमचे टोकन, म्हणजे कृती सांगणारे सुटे तुकडे, पाडतं: इथे लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) सुरू, इथे किंमत दिली, इथे लूप संपला. मग दोन फायलींतले जुळणारे लांबात लांब पट्टे शोधतं. फंक्शन कुठेही नेऊन ठेवा, पट्टा सापडतोच. अमेरिकेतलं मॉस त्याहून जुनं, १९९४ चं. ते कोडचे एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे पाडून त्यांच्या हॅशमधून, म्हणजे प्रत्येक तुकड्यावरून काढलेल्या आकड्यांमधून, मोजके ठसे निवडतं आणि ते ठसे ताडून पाहतं.

तरी फसवता येतं. मधे निरुपयोगी ओळी पेरल्या की पट्टे तुटतात. २०२० मध्ये संशोधकांनी ही पेरणी आपोआप करणारा प्रोग्रॅमच करून दाखवला. नाव ठेवलं मोसाद!

आणि जुळलं म्हणजे चोरलं, असंही नाही. गूगलने आपला कोड उचलला, असा खटला ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने अमेरिकेत भरला होता. त्यात नऊ ओळींच्या एका फंक्शनवर घमासान झालं. स्वतः कोड लिहिणारे न्यायाधीश विल्यम ऑल्सप २०१२ मध्ये भर कोर्टात म्हणाले की असा कोड आपण शंभरदा लिहिलाय.

म्हणून इथे आम्ही आधी शिक्षकांनीच दिलेला कोड वजा करतो, मग सॉफ्टवेअरने दिलेल्या यादीतल्या वरच्या जोड्या शेजारीशेजारी उघडतो. त्यानंतर टक्क्यांकडे मी बघत नाही, चुका शोधते. दोघांच्याही लूपची शेवटची फेरी राहिलीय, एरर मेसेजमध्ये तेच चुकलेलं स्पेलिंग आहे, असं काही. बरोबर उत्तर दोघांना आपापलं सुचू शकतं. तीच वेडगळ चूक त्याच जागी सुचणं कठीण. मग मुलांना बोलावून विचारायचं, ही ओळ का लिहिलीस? मागच्या सत्रात सर्वांत जास्त जुळलेल्या जोडीने सगळं नीट समजावलं. दोघांनी आमच्याच स्लाइडवरचा कोड घेतला होता, आणि तो वजा करायला आम्हीच विसरलो होतो. बहिणीच्या कॉलेजात दोघांना शून्य मिळालं असतं.

हे सगळं मी बहिणीला ऐकवलं. वरच्या पाच-दहा जोड्या तरी बोलावून बघ, म्हटलं, जोडीमागे दहा मिनिटं.

"तुझ्याकडे तीस मुलं आहेत," ती म्हणाली, "माझ्याकडे दीडशे, आणि दर आठवड्याला नवी असाइनमेंट. ती दहा मिनिटं कुठल्या तासातून काढू, तेवढं सांग."

ते मला सांगता आलं नाही.