आई-बाबांना तिकडचं जेवण जमणार नाही, हे कुणी ठरवलं?

परदेशी सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या की एक ओळ हमखास दिसते: सोबत आपले महाराज, रोज वरण-भात, पोळी-भाजी. घरातल्या ज्येष्ठांना पाठवायचं म्हटलं की आपण आधी तीच ओळ शोधतो. सहलवाल्यांना मी दोष देत नाही. लोक मागतात तेच ते विकतात. मला बोलायचंय आपल्याशी, म्हणजे मुलं, सुना, लेकी, जावई यांच्याशी. "तिकडचं तुम्हाला जमायचं नाही" हे आपण त्यांना न विचारताच ठरवून टाकतो, आणि पैसेही त्याच्यावर भरतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही पेनांगला होतो. माझे धाकटे दीर-जाऊ नोकरीमुळे तिथे राहतात. आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, वेंगुर्ल्याजवळच्या गावातून आधी आमच्याकडे ठाण्याला आले आणि मग आम्ही सगळे निघालो. आई अट्टल मासेखाऊ, बाबा माळकरी. निघायच्या आधी निदान दहा जणांनी मला सांगितलं, की बाबांचे हाल होतील, डबे भरून न्या. मेतकूट आणि लाडू मीही नेले, कारण औषधांच्या वेळा असतात आणि काहीतरी हाताशी लागतंच. तेवढी सोय प्रत्येकाने करावी. त्यापलीकडे मात्र आम्ही आमचा स्वयंपाक बरोबर नेला नाही. त्यातल्या एका दिवसाबद्दल लिहिते, म्हणजे माझा मुद्दा कळेल.

पेनांग हे मलेशियाच्या वायव्येचं बेट. 1786 मध्ये फ्रान्सिस लाइटने ते ईस्ट इंडिया कंपनीसाठी ताब्यात घेतलं आणि जॉर्ज टाउन वसवलं. चिनी, तमिळ, मलय, अरब असे सगळीकडचे लोक तिथे येऊन राहिले. 2008 मध्ये युनेस्कोने जॉर्ज टाउनला मलेशियातल्याच मलाक्का शहराबरोबर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. जुन्या गावात एक रस्ता आहे. त्याला लागून 1818 चं सेंट जॉर्ज चर्च, चिनी लोकांचं क्वान यिन देवीचं देऊळ, 1833 चं मारिअम्मनचं तमिळ देऊळ आणि 1801 मध्ये उभी राहिलेली कपितान केलिंग मशीद. हे सगळं सावकाश चालत एका सकाळीत बघून होतं. उन्हाचा तडाखा आणि दमटपणा कोकणातल्या मे महिन्यासारखाच, त्यामुळे आम्ही सातलाच बाहेर पडलो होतो.

क्वान यिनच्या देवळात तोबा गर्दी होती. उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. बाबांनी जाऊबाईंना विचारलं, "आज काही सण आहे का गं?" ती म्हणाली, सण नाही, त्यांच्या चांद्र महिन्याचा पहिला दिवस आहे. पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ चिनी लोक देवळात येतात आणि त्या दिवशी शाकाहार पाळतात. बाबांनी मनात हिशोब केला. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे यांचा पहिला दिवस आपल्या प्रतिपदेच्या आसपास आणि पंधरावा पौर्णिमेच्या. मग जाऊबाईंनी आणखी सांगितलं, की त्यांच्या नवव्या महिन्यात नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. नऊ दिवस लोक पांढरे कपडे घालतात, मांस-मासे सोडतात आणि शाकाहारी टपऱ्यांवर पिवळे झेंडे लागतात. हे नऊ देव म्हणजे सप्तर्षींचे सात तारे आणि आणखी दोन, डोळ्यांना न दिसणारे. त्यांची आई तारकांची देवी. कित्येक वर्षी हे नऊ दिवस आणि आपलं नवरात्र एकाच वेळी येतं. 2023 आणि 2024 मध्ये तर तारखाही त्याच होत्या. बाबा देवळाच्या पायरीवर बसून हे सगळं ऐकत होते. इतकी वर्षं कीर्तनं ऐकलेला माणूस. एखाद्या इमारतीची उंची सांगून त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद कधी आला नसता.

दुपारी त्यांना त्याच लोकांच्या शाकाहारी खाणावळीत नेलं. पिवळ्या पाटीवर एक मोठं लाल अक्षर, आत स्टीलचे ट्रे मांडलेले. भात घ्यायचा आणि हव्या त्या भाज्या वाढून घ्यायच्या. परातीसमोर उभं राहून बाबांचा पहिला प्रश्न, "कांदा-लसूण?" मालकीणबाईंनी मान हलवली आणि जाऊबाईंना कारण सांगितलं. त्यांच्या बौद्ध परंपरेत कडक शाकाहारात पाच उग्र वासाचे पदार्थ वर्ज्य असतात. कांदा आणि लसूण त्यात आलेच, आणि हिंगसुद्धा. हिंगही नाही म्हटल्यावर बाबा थक्क झाले. आमच्या घरी एकादशी सोडली तर फोडणी हिंगाशिवाय होत नाही.

काळं खारवलेलं सोयाबीन घालून केलेलं कारलं, कमळकंद, काळी कानाच्या आकाराची अळंबी आणि रताळ्याचा परतलेला पाला त्यांनी घेतला. पाल्याची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. आमच्या परसात रताळी होतात आणि पाला गुरांना जातो. एका ट्रेमध्ये सोयाबीनचा केलेला खोटा मासा होता, वर समुद्रशेवाळाची साल लावून अगदी माशासारखा. तो बाबांनी घेतला नाही. "सोडलंय ते सोडलंय, त्याचं सोंग कशाला?" मला हे पटलं. पण त्याच टेबलावर एक म्हातारे चिनी गृहस्थ तो मासा चवीने खात होते, त्यांच्याकडे बघून बाबांनी हसून हात जोडले. न आवडण्याचीही एक रीत असते.

माळकरी किंवा शाकाहारी मंडळींसाठी एवढं सांगते. पेनांगला नुसतं "भाजी द्या" म्हणून भागत नाही. पालेभाजी बहुधा बेलाचान घालून परततात, ते म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. सांबल म्हणजे मिरचीची चटणी, तिच्यात सुके छोटे मासे असू शकतात, नूडल्समध्ये डुकराची चरबी, आणि तपकिरी रश्श्यात कालवांचा सॉस. म्हणून बौद्ध शाकाहारी खाणावळ किंवा तमिळ शाकाहारी हॉटेल शोधावं आणि अंड्याचं वेगळं विचारावं. विचारलं की लोक नीट सांगतात. आम्हाला कुणी हिडीसफिडीस केलं नाही.

संध्याकाळी बेटावरच्याच आयर इतम या भागात गेलो. तिथे केक लोक सी हे टेकडीवरचं मोठं बौद्ध देऊळ आहे. त्याच्या 1930 च्या सात मजली पॅगोडाचा तळ चिनी धाटणीचा, मधला भाग थाई आणि कळस ब्रह्मी. बघण्यासारखंच आहे, पण पायऱ्या पुष्कळ. आईंचे गुडघे बोलायला लागले म्हणून अर्ध्यातून आम्ही दोघी खाली आलो आणि आसाम लक्साच्या, म्हणजे माशाच्या आंबट सारातल्या शेवयांच्या टपरीसमोर बसलो. मला विचाराल तर दिवसाचं सार तिथेच होतं.

लक्सावाला वाडग्यात तांदळाच्या जाड पांढऱ्या शेवया घालतो. त्यावर उकळतं सार ओततो आणि लगेच परत पातेल्यात ओतून घेतो. असं दोन-तीनदा करतो, म्हणजे शेवया आतपर्यंत गरम होतात. मग शेवटचं सार, त्यात कुस्करलेला मासा. वर काकडी, अननस, कांदा, पुदिना, लाल मिरची. आणि एका गुलाबी फुलाच्या कळीचे बारीक काप, ते आल्याच्या जातीचं फूल. शेवटी चमचाभर काळा घट्ट पाक, कोळंबीपासून केलेला.

आई खुर्ची टपरीजवळ ओढून सगळं बघत होत्या. पातेल्यातला मासा दिसल्याबरोबर म्हणाल्या, "गो, ह्यो बांगडोच मा!" बांगडाच होता. तिथे त्याला केंबुंग म्हणतात. मग पहिला घोट घेतल्यावर प्रश्न, आंबट कशाचं? चिंच कळली, पण चिंचेच्या मागे आणखी काहीतरी होतं. मी खुणेने विचारलं तर लक्सावाल्याच्या बायकोने पळीने सारातून एक तपकिरी चकती काढून दाखवली, आणि डब्यातली एक सुकी चकती आईंच्या हातावर ठेवली. ते आसाम केपिंग. आईंनी ती नाकाशी नेली, दाताखाली धरली आणि म्हणाल्या, हे सोलांच्या घराण्यातलं. मी रात्री शोधून बघितलं. आपलं रातांबं, म्हणजे ज्याची सोलं (कोकम) करतात ते फळ, गार्सिनिया इंडिका, हे गार्सिनिया अॅट्रोविरिडिस. शाळा सातवीत सुटलेल्या बाईने जिभेवर ओळखलं.

सगळंच ओळखीचं निघालं असं मात्र नाही, आणि ते निघायला हवं असंही मला वाटत नाही. फुलाचा वास आईंना पूर्ण नवा होता आणि तोच सगळ्यात जास्त आवडला. काळा पाक मुळीच आवडला नाही. कोळंबीला गोडवा कसा, हे काही त्यांना पचेना. दुसरा वाडगा त्यांनी पाकाशिवाय मागितला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला उलट पाकच आवडला. आमच्याकडे मुलांसाठी एकच नियम आहे: एक घास खायचा, आणि आवडला नाही तर तोंड न वाकडं करता ताट सरकवायचं. "शी" म्हणायचं नाही. समोरचा माणूस पहाटे उठून ते शिजवतो, आणि मराठी कळलं नाही तरी चेहरा सगळ्यांना वाचता येतो. हे मोठ्यांनाही सांगायची वेळ येते. सहलीच्या गटांत दुसऱ्याच्या वाडग्याकडे बोट दाखवून नाक मुरडणारी आपली माणसं मी पाहिली आहेत आणि मला फार वाईट वाटलं आहे.

तोवर बाबा खाली आले आणि त्यांना जायफळाचं सरबत मिळालं. जायफळाच्या फळाच्या गराचं, आंबट-तुरट, त्यात एक खारवलेला आलूबुखार. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मोलुक्का बेटांतून जायफळाची रोपं पेनांगला आणली, तेव्हापासून बेटावर हे पीक आहे. बाबांच्या बागेत माडांच्या सावलीत जायफळाची झाडं आहेत. बी आणि जायपत्री विकली जाते, ही गराची जाड साल बरीचशी झाडाखालीच कुजते. त्यांनी सरबतवाल्याला दहा प्रश्न विचारले, दिरांनी भाषांतर केलं. साल किती दिवस मिठात, किती दिवस साखरेत, तुरटपणा कसा जातो. दुसऱ्या दिवशी चौरस्ता मार्केटमध्ये जाऊन सालीचे सुकवलेले आणि मुरवलेले सगळे प्रकार पाहून आले.

माझं म्हणणं एवढ्यासाठीच आहे. आई चाळीसेक वर्षं रोज रांधतात, बाबा आयुष्यभर बाग करतात. परदेशात त्यांना सगळ्यात जास्त जे कळतं ते ताटात आणि बाजारात असतं, आणि नेमकं तेच आपण त्यांच्यापासून लपवतो. देवळं, मनोरे, केबल कार यांच्यासमोर उभं करून फोटो काढतो आणि जेवायच्या वेळी बसमधून उतरवून वरण-भातासमोर बसवतो. मग म्हणतो, त्यांना काही फारसा रस वाटला नाही.

पोट बिघडेल ही भीती खरी आहे. आम्ही गर्दीची टपरी निवडायचो, समोर उकळतंय तेच खायचो, बर्फ आणि कापून ठेवलेली फळं आई-बाबांना देत नव्हतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांचं ऐकायचंच. गटाबरोबर जाणाऱ्यांनाही दिवसातलं एक जेवण सोडून बाहेर पडता येतं. सहलवाल्याला आधी सांगून ठेवलं की झालं.

आता डिसेंबरात व्हिएतनामचं चाललंय. तिथेही प्रतिपदा-पौर्णिमेच्या सुमाराला बरेच लोक शाकाहार पाळतात आणि हुए शहराचा शाकाहारी स्वयंपाक नावाजलेला आहे. पंचांग बघून तारखा बाबांनी काढल्यात, विमानाची तिकिटं त्याप्रमाणे घ्यायची. आईंची यादी वेगळी आहे, तिच्यात सगळे मासे आहेत. हुएला कुणी राहून आलं असेल तर बाजाराजवळ, जिने कमी असलेलं राहायचं ठिकाण सुचवा.