पत्रात लिहिलं होतं, ‘क्लेम पॉलिसीत बसत नाही’

माझी एक मैत्रीण आर्किटेक्ट आहे. तिने बांधलेल्या इमारतीच्या मालकाने तिच्यावर दावा लावला, भिंतींना तडे गेले म्हणून. दाव्यात एका ठिकाणी लिहिलंय की तिने ‘जाणूनबुजून’ चुकीचं डिझाइन दिलं. कामातल्या चुकीबद्दल असे दावे आले तर म्हणून तिने विमा काढलेला आहे; त्या विमा कंपनीने तेवढा एक शब्द उचलला आणि तीन ओळींचं पत्र पाठवलं. हेतुपुरस्सर केलेलं कृत्य पॉलिसीत बसत नाही, म्हणून वकील मिळणार नाही. रात्री आम्ही दोघी पॉलिसी समोर घेऊन बसलो. सातव्या पानावर स्वच्छ छापलंय की आरोप निराधार, खोटे किंवा कपटाचे असले तरी कंपनी विमाधारकाच्या वतीने खटला लढवेल. ते वाक्य तिने बोट ठेवून दोनदा वाचलं.

माझं म्हणणं असं आहे की अशा पॉलिसीत कंपनीने दोन वेगळी वचनं दिलेली असतात. एक, खटला लढवण्याचं. दुसरं, हरल्यास भरपाई भरण्याचं. भरपाईचा प्रश्न निकाल लागल्यावर येतो. लढण्याचा प्रश्न मात्र नोटीस हातात पडते त्याच दिवशी उभा राहतो, खरं काय घडलं ते कुणालाच ठाऊक नसताना. म्हणूनच लढण्याची जबाबदारी भरपाईपेक्षा मोठी असते. आरोप सिद्ध झाला तर पैसे देऊ नका, ते मला मान्य आहे. मुद्दाम केलेल्या नुकसानीचा भार बाकीच्या विमाधारकांनी का सोसावा? पण आरोप सिद्ध व्हायच्या आधीच माणसाला एकटं सोडायचं, हे कुठल्या न्यायाने?

हा वाद नवा नाही. 1966 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका डॉक्टरचं प्रकरण आलं होतं. रस्त्यावर दुसऱ्या वाहनचालकाशी बाचाबाची झाली आणि त्या चालकाने मारहाणीचा दावा ठोकला. डॉक्टरचं म्हणणं होतं, मी स्वतःचा बचाव केला. ‘हेतुपुरस्सर इजा’ पॉलिसीबाहेर आहे म्हणत कंपनीने हात वर केले. डॉक्टर पदरच्या खर्चाने लढला, हरला, 6,000 डॉलरचा हुकूमनामा अंगावर आला. मग त्याने कंपनीवरच दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं की पॉलिसीत बसणारी जबाबदारी निघण्याची शक्यता जरी असली तरी कंपनीने लढलंच पाहिजे. दावा लावणाऱ्याने कुठले शब्द वापरले यावर विमाधारकाचं नशीब ठरू शकत नाही. हुकूमनाम्याची रक्कम आणि वकिलाचा खर्च, दोन्ही कंपनीवर आले.

त्याच न्यायालयाचा 1958 चा एक निकालही मला महत्त्वाचा वाटतो. अपघाताच्या त्या प्रकरणात 4,000 डॉलरमध्ये तडजोड होत होती आणि पॉलिसीची मर्यादा एका माणसामागे 10,000 होती. कंपनी ना लढली, ना तडजोडीला तयार झाली. हुकूमनामा 25,000 च्या वर गेला आणि मर्यादेपलीकडची रक्कमही कंपनीला भरावी लागली.

कंपनीला खरोखर शंका असेल तर मधला रस्ता आहेच. भरपाई नाकारण्याचा हक्क राखून ठेवतो असं लेखी कळवायचं आणि खटला लढवायचा. तेव्हा वकील कुणाचा हे मात्र नीट पाहावं लागतं. ‘निष्काळजीपणा’ ठरला तर पैसे कंपनीचे जातात, ‘जाणूनबुजून’ ठरलं तर विमाधारकाचे. अशा वेळी कंपनीने नेमलेला वकील मनापासून कुणाची बाजू मांडेल?

सगळ्याच पॉलिसींत हे वचन नसतं. काहींत कंपनीला लढण्याचा फक्त हक्क असतो, बंधन नसतं. काहींत खर्च आधी आपण करायचा आणि नंतर मागायचा. काहींत वकिलाची फी भरपाईच्या मर्यादेतूनच वजा होते; खटला लांबला की शेवटी हातात काय उरणार? आपली पॉलिसी काढून एवढं तरी आजच बघा.

मैत्रिणीच्या पॉलिसीत वचन आहे, बंधनासकट. तिने सातव्या पानाची प्रत जोडून कंपनीला लेखी उत्तर पाठवलंय. कोर्टात म्हणणं मांडायची मुदत सोमवारी संपते. वकिलाची पहिली फी तिने काल मुदत ठेव मोडून भरली.