गायगर काउंटर गप्प आहे, म्हणून धान्य निर्धोक ठरत नाही

सध्या एक संदेश बराच फिरतो आहे: "खिशात मावणारा गायगर काउंटर घ्या. पाण्यावर, धान्याच्या पिशवीवर मिनिटभर धरा. आकडा 0.30 मायक्रोसिव्हर्टच्या आत आला तर निर्धास्त खा, वर गेला तर फेकून द्या. मोबाईलजवळ धरलात तर त्याचंही रेडिएशन कळेल." गायगर काउंटर म्हणजे किरणोत्सर्ग (रेडिएशन) मोजणारं यंत्र, आणि मायक्रोसिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक. यंत्र खरं आहे, दिसणारा आकडाही खोटा नसतो. घोळ आहे तो त्या आकड्याच्या अर्थात.

मोबाईलचं आधी उरकून टाकू. या यंत्रात वायू भरलेली नळी असते. तो वायू आयनित झाला, म्हणजे त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटला, तरच टिकटिक होते. त्यासाठी आर्गॉनला 15.8 आणि निऑनला 21.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) लागतात. मोबाईलच्या लहरीचा एक कण जेमतेम एक लक्षांश इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. तरीही फोनजवळ काउंटर वाजला, तर त्याच्या उच्च दाबाच्या सर्किटमध्ये फोनचा व्यत्यय शिरला असं समजा. तो दोष यंत्राच्या आवरणाचा.

"मिनिटभर धरा" हा सल्ला तर पुरता फसवा. एसबीएम-20 ही स्वस्त यंत्रांत सर्रास सापडणारी नळी. मिनिटाला सुमारे 175 स्पंद (टिकटिक) म्हणजे तासाला 1 मायक्रोसिव्हर्ट, असा तिचा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे नमुना नसतानाही पडद्यावर दिसणारे, समजा, 0.12 हे प्रत्यक्षात मिनिटाला 20-21 टिकटिक. किरणोत्सर्ग यादृच्छिक असल्याने 20 च्या मोजणीत वर्गमुळाइतकी, म्हणजे साडेचारची चूक गृहीतच असते. कधी ती याच्या दुप्पटही होते: काहीही न बदलता पुढच्या मिनिटांत 11 किंवा 29 येऊ शकतात. पडद्यावर ते 0.06 आणि 0.17 दिसतील. एक टक्का अचूकता हवी तर 10,000 स्पंद मोजावे लागतील, म्हणजे आठ तासांहून अधिक.

आता मूळ मुद्दा, अन्नाचा. जपानने 2012 पासून सर्वसाधारण अन्नात किरणोत्सर्गी सीझियमची मर्यादा किलोला 100 बेकरेल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल) ठेवली आहे. नेमकं तेवढं सीझियम-137 असलेलं एक किलो धान्य घ्या. सेकंदाला सुमारे 85 गॅमा कण (आरपार जाणाऱ्या भेदक किरणांचे) सुटतील. बोटाएवढ्या नळीच्या दिशेने त्यातले फार तर दोन टक्के येतात, आणि आलेल्यांपैकी नळी पकडते साधारण एक टक्का. बाकीचे आरपार जातात. गुणाकार केला तर मिनिटाला एक जादा टिकटिक! साडेचारच्या चढउतारात ती कोण ओळखणार? तासभर मोजलं तरी 1200 मध्ये 60 ची भर पडेल, आणि दोन मोजण्यांच्या फरकातली चूकच 50 च्या घरात असते. मर्यादेच्या दुप्पट दूषित धान्यही या यंत्रापुढे मिनिटभराच्या परीक्षेत आरामात पास होईल.

म्हणूनच प्रयोगशाळेत एक लिटरच्या मारिनेली पात्रात नमुना ठासून भरतात. पात्राच्या तळाला खोबण असते, ती शोधकावर (किरण टिपणाऱ्या भागावर) टोपीसारखी बसते. भोवती 10 सेंटिमीटर जाडीचं शिसं. शोधक सोडियम आयोडाइडचा स्फटिक, किंवा द्रव नायट्रोजनच्या आसपासच्या तापमानाला थंड केलेलं जर्मेनियम. हे शोधक प्रत्येक कणाची ऊर्जा मोजतात; 662 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला शिखर दिसलं की ते सीझियम-137. गायगर नळीत मात्र दुबळा कण असो की जोरकस, स्पंद सारखाच. काय मोजलं हे तिला ठाऊकच नसतं. मायक्रोसिव्हर्टचा आकडा हा सहसा सीझियमच्या गॅमासाठी बेतलेला गुणक लावून काढलेला अंदाज. बीटा किरण (वेगवान इलेक्ट्रॉन) मोजले जात असतील, तर तो निरर्थक.

काही गोष्टी तर या नळीला दिसतच नाहीत. अल्फा कण (किरणोत्सर्गातले जड कण) कागदानेही अडतात, मग धातूची भिंत दूरच. त्यासाठी अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी लागते, तीही नमुन्यापासून एखाद्या सेंटिमीटरवर. पाण्यातल्या ट्रिटियमचा (किरणोत्सर्गी हायड्रोजनचा) बीटा इतका दुबळा की ती खिडकीही त्याला पार होत नाही. तिथे नमुना द्रव सिंटिलेटरमध्येच (किरण पडताच चमकणाऱ्या द्रवात) मिसळावा लागतो.

"वर गेला तर फेका" हेही चूक. नैसर्गिक पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सुमारे 31 बेकरेल असतात. मिठाला पर्याय म्हणून वापरतात त्या पोटॅशियम क्लोराइडच्या किलोत 16,000 च्या वर. त्यावर काउंटर वाजणारच. पावसानंतरही आकडा चढतो, कारण रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून बनलेले कण पाण्यासोबत खाली येतात. दोन-तीन तासांत तो उतरतो.

काउंटर हाताशी असेलच तर आधी अर्धा तास रिकामी (नमुना न ठेवता) मोजणी करा, मग तेवढाच वेळ, त्याच जागी, त्याच अंतरावर नमुन्याची. मायक्रोसिव्हर्ट नव्हे, स्पंद लिहा. फरक दिसला तर मध्ये 3 मिलिमीटर ॲल्युमिनियम धरा: बहुतांश स्पंद गळाले तर बीटा, फारसे घटले नाहीत तर गॅमा. अभ्रकाच्या खिडकीला बोट लावू नका, ती फाटली की नळी संपली.

गप्प काउंटरवर विसंबू नये याचं आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त गंभीर. प्रत्येक स्पंदानंतर नळी शे-दोनशे मायक्रोसेकंद आंधळी असते. अतितीव्र क्षेत्रात तिला सावरायला वेळच मिळत नाही, आणि काही यंत्रं तिथे कमी किंवा चक्क शून्य दाखवतात. आकडा भराभर चढत जाऊन अचानक कोसळला, तर यंत्र तपासत तिथे थांबू नका. आलात त्या वाटेने परत फिरा.